नारळावरचा हात

मानसशास्त्र घेतलं म्हटल्यावर आमच्या गावात पहिला प्रश्न ठरलेला. "ओळख बघू, माझ्या मनात काय हाय?" एसटीचा कंडक्टर, गिरणीवाला, सगळे तेच. मी काय कौल लावणारा भगत आहे? सत्त्याण्णव साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. समुपदेशन शिकायला रोज पेणहून नागोठणे, कोलाड करत रोह्याच्या कॉलेजात जायचे. तिथं मनातलं ओळखायला नाही, ऐकायला शिकवत होते. एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

आमचे टिपणीस सर शिकवायचे फार छान. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, आणि ऐकलेलं कधी बाहेर न्यायचं नाही, हे त्यांनी आमच्याकडून अगदी घोकून घेतलं होतं. आवाज इतका मऊ, की वाटायचं, ह्यांना सगळं सांगून टाकावं.

प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकानं एका माणसाचं ऐकायचं होतं. मी सरूला विचारलं. सरू माझी शेजारीण, शाळेत एका बाकावरची. तिला रोह्याला दिली होती. वर्षभरात माहेरी परत आली ती तोंडाला कुलूप लावूनच. बाहेरचं लागलंय म्हणून तिच्या बापानं, जनूकाकानं, तिच्यावरून कोंबडे उतरवून टाकले, पण 'तुला झालंय तरी काय गो' असं कुणी विचारलं नाही. मी विचारलं. मिठागराच्या बांधावर आम्ही बसायचो आणि मी गप्प राहायचे. बऱ्याच खेपांनंतर ती बोलायला लागली.

नवरा निलेश कंपनीत. शिफ्ट सुटली की पिऊन यायचा आणि मारायचा. सासरे गुणाजी त्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवायचे. "मला परत नाय जायचा, रोहिणी," ती म्हणाली. औषधाला जाते सांगून ती पेणला गणपतीच्या कारखान्यात जात होती. रंगकाम करता करता मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकत होती. हात बसला की मालकीण विमलबाई तिला कायमचं कामावर घेणार होती, राहायला खोलीही देणार होती. "तवर कुनाला कळता कामा नये. बाबाला कळला तर उद्याच सासरी नेऊन घालील." मी तिला शब्द दिला.

आता, शिकणाऱ्यानं केस सरांना सांगायचीच असते. नियमच तो, आपण एकट्यानं चुकू नये म्हणून. मी नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. सासर रोह्याचं आणि काम गणपतीच्या आखणीचं, एवढंच सांगितलं. सरांनी मान हलवत ऐकलं, छान चाललंय म्हणाले. गुणाजी सरांच्याच आळीत राहतात आणि माहेरी जाऊन बसलेल्या सुनेचं रडगाणं रोज सरांच्या ओट्यावर गातात, हे मला कुठून माहीत असणार? सरांना मात्र माहीत होतं. त्यांनी दोन्ही गोष्टी जुळवल्या आणि ओट्यावर आलेल्या गुणाजींना सरळ सगळं सांगून टाकलं.

त्याच रविवारी दुपारी आमच्या गावची गावकी बसली. देवळाच्या मंडपात माझ्या बाबांसकट सगळे पुरुष, खांबांच्या मागे बायका. गुणाजी आणि निलेश जीप घेऊन आले. त्यांच्याबरोबर इस्त्रीचा शर्ट घालून टिपणीस सर. मला बघून हसले. मोडता संसार सावरायला आलोय म्हणाले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्याकडून घोकून घेताना ह्या माणसाला लाज कशी वाटली नाही?

आमच्या गावकीत नारळाची रीत आहे. पाटावर देवाचा नारळ ठेवतात. ज्याला साक्ष द्यायची, त्यानं त्यावर हात ठेवून बोलायचं, आणि त्याचा हात नारळावर आहे तोवर कुणीही मध्ये बोलायचं नाही. बोलला तर दंड. बायकांना मात्र त्या नारळाजवळ कधी बोलवत नाहीत. बाईचं गाऱ्हाणं तिचा बाप सांगणार, नाहीतर नवरा. त्या दिवशी गावकीचे प्रमुख काळुरामदादा ह्यांना इतकी घाई झाली, की त्यांनी स्वतःच ती रीत मोडली.

"रोहिणी, पुढं ये. हात ठेव, नि सरू तुला काय काय बोलली ता सांग. कारखान्यात कुनाच्या नादानं जाते ता पन सांग."

मी पुढे गेले, पण हात ठेवला नाही. "तिनं मला सांगितलंय, गावाला नाय," मी म्हणाले.

"बाळ, मोठी माणसं विचारतायत," सर म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "तिच्या भल्यासाठी नियम थोडा सैल केला तर बिघडत नाही."

"मग तुम्ही ठेवा हात, सर. तुम्हाला कुणी सांगितलं आणि तुम्ही ते कुणाला सांगितलं, बोला."

सर चष्मा पुसायला लागले. बाबांनी मान खाली घातली. काळुरामदादा म्हणाले, बोलली नाहीस तर तुमचं घर वाळीत पडेल, विहिरीवर पाणी मिळायचं नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून राग जास्त होता, म्हणून मी तशीच उभी राहिले.

तेवढ्यात खांबाआडून सरू उठली. "बायकांना बोलावलाच हाय, तर मीच सांगते," म्हणाली, आणि पाटासमोर बसून तिनं नारळावर हात ठेवला.

ती बोलत राहिली. मार सांगितला, टीव्हीचा आवाज सांगितला, पदर सारून दंडावरचे डाग दाखवले. "खोटा बोलते," म्हणून निलेश उठला, आणि काळुरामदादांना आपल्याच रीतीप्रमाणे त्याला दंड लावावा लागला. सरांनी तोंड उघडलं तर खांबामागच्या बायकांतली बायजाबाई म्हणाली, "मास्तर, हात नारळाव हाय अजून." सर गप्प बसले. आम्हाला वर्षभर जे शिकवलं, ते त्यांनी पहिल्यांदाच करताना मी पाहिलं.

"मी जानार नाय," सरू शेवटी म्हणाली. "न्यायचा असंल तर देवाच्या नारळावरनं माझा हात उचला नि न्या."

कुणी उचलला नाही. जनूकाका पुढे आला आणि लेकीशेजारी मांडी घालून बसला. जीप वळून गेली तरी सरूचा हात तिथंच होता.

पुढच्या आठवड्यात सरांनी भर वर्गात माझ्या केसचा निकाल सांगितला. केस फसली, क्लायंट सासरी नांदायला गेली नाही. जेमतेम पास केलं मला. फसली तर फसली. सरू आज विमलबाईच्या कारखान्यात आहे आणि नव्या पोरींना आखणी शिकवते.

गावाला वाटतं, त्या दिवशी सरूनं सगळं सांगितलं. सगळं नव्हे. बांधावर बोललेली एक गोष्ट तिनं नारळावर हात ठेवूनही सांगितली नाही. ती मला माहीत आहे. एवढं ऐकलं की लोक विचारतात, ती कोणती, आणि तुम्हीही विचाराल. नाही सांगणार.