मोठ्यानं वाचायची सवय

कोर्टाचा कॉम्प्युटर घरून उघडायचा तर स्टेनो प्रार्थनाला मोबाइलवरचा कोड टाकावा लागे. त्यातलं अक्षरही कॉपी होत नसे, छापता येत नसे. जजसाहेबांना त्याचा केवढा अभिमान! पण स्टेनोच्या जिभेला कुठला पासवर्ड? टाइप केलेलं मोठ्यानं वाचून तपासायचं, ही ऑफिसातली जुनी खोड. उद्याचा निकालही तिनं तसाच वाचला: मुलीचा ताबा बापाकडून आईकडे. सामाईक भिंतीपलीकडे भांडं पडलं. तिथं त्याच बापाची आई राहत होती, रुक्मिणीबाई.

संध्याकाळी रुक्मिणीबाई मल्लिगेचा, मोगऱ्याचा गजरा घेऊन आल्या. प्रार्थनाला मान वर करवेना.

"परवागिल्ला, असू दे, रडू नको," त्या म्हणाल्या. "नातीचे फ्रॉक इस्त्री करून ठेवलेत. ऐकलं ते मुलाला सांगितलं नाही. आज तरी लेकीजवळ निवांत झोपू दे त्याला."