परीक्षेचा पेशंट

वर्गात तिला घोकी म्हणायचे. नाव उगाच पडलं नव्हतं. साथ आली तेव्हा अख्ख्या मेडिकल कॉलेजात त्या रोगाचं तिच्याइतकं पाठांतर कुणाचंच नव्हतं. दवाखान्याच्या जिन्याखालची पाटी तिच्याच अक्षरातली: ताप असेल तर आत येऊ नका. सख्ख्या मामाला मास्क नाही म्हणून तिने दारातून परत धाडलं होतं. तो रुसला तर रुसला.

तोंडी परीक्षेच्या सकाळी घोकीलाच ताप भरला. घसा सोलवटलेला, अंग मोडून आलेलं. हे काय आहे ते तिला कुणी सांगायला नको होतं. पण गैरहजर म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिने गोळी घेतली आणि खोलीत बसून राहिली. गोळीला ताप उतरवायला किती वेळ लागतो, तेही पाठ होतंच की. शिक्षणाचा असाही उपयोग होतो.

फाटकावर ताप मोजायला वर्गातला लंबू उभा होता. त्याने यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं, आकडा बघितला, मग लाल डोळे बघितले. रात्रभर घोकलंस वाटतं, म्हणाला. तिने मान हलवली. मागे रांग होती, त्याने तिला आत सोडलं.

तपासायला तिच्या वाट्याला शिंपीकाका आले. काकांच्या हृदयाची झडप गळकी होती आणि तिचा आवाज इतका स्वच्छ यायचा की बहिऱ्यालाही कळावा. असल्या पेशंटला परीक्षेत सोन्याचा भाव. खरं तर त्यांना घरी जायची परवानगी कधीच मिळाली होती. पण सरांनी घोकीला पुढे केलं, गोड बोलून थांबव म्हणाले, आणि तिने खाटेवर बसून काकांना गळ घातली होती. काकांची लेक भडकली. साथीच्या दिवसांत चालताबोलता माणूस इथे कशाला ठेवायचा, असं तिचं म्हणणं. काका मात्र खुशीत. जन्मभर लोकांचं फाटकं शिवलं, आता माझं फाटकं बघायला रांग लागलीय, बघू दे की पोरांना, असं म्हणून त्यांनी लेकीलाच गप्प केलं.

पंखे घरघरत होते. मास्कमधून विचारलेलं काकांना ऐकू येईना आणि परीक्षक घड्याळाकडे बघू लागले. घोकीने मास्क हनुवटीवर ओढला. परीक्षकांचाही तिथेच होता. जीभ बघायची म्हणून तिने काकांचाही उतरवला. मग छातीवर नळी ठेवून वाकली. श्वास घ्या, म्हणाली. काकांनी तिच्या तोंडासमोर छाती भरून, इमानेइतबारे श्वास घेतला.

शेवटी परीक्षकांनी साथ रोखायचे उपाय विचारले. घोकीने एकही न चुकता धडाधड सांगितले. शाबासकी मिळाली.

नंतर ती खोलीला कडी लावून पडून राहिली. स्वतःची तपासणी केली नाही. केली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर सांगावं लागलं असतं. इकडे काकांची पिशवी भरून ठेवलेली, आणि त्यांना धाप लागली. ते घरी गेलेच नाहीत, वॉर्डातच गेले. वॉर्डाने ठरवून टाकलं की रोज भेटायला येणाऱ्या लेकीनेच बाहेरून रोग आणला. लेकीची बाजू घ्यायला होतं कोण? सगळे सुटले.

घोकी बरी होऊन परतली तेव्हा लेक जिन्याखाली त्या पाटीलाच टेकून बसली होती. मांडीवर काकांची पिशवी.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

उत्तर घोकीच्या जिभेवर आलं होतं. पण निकाल लागायचा होता.

"तसं नक्की सांगता येत नाही."

दवाखान्यात चार दिवस काढलेल्या कुणालाही कळतं की असं म्हणतात तेव्हा हो म्हणायचं असतं. लेक बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने मास्क नाकावर नीट चढवला.

"आई घरी एकटीच रडत असते. मी जवळ जात नाही तिच्या. दारातूनच बघते. बरोबर करतेय ना?"

"बरोबर," घोकी म्हणाली.

पुस्तकात तसंच होतं.