काडीवर चाललेला रिले

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे, आणि स्पष्टच सांगतो, मला माणसांची किळस आली आहे. बोईसरच्या एका कारखान्यातल्या भंगाराच्या डब्यात, तेलकट चिंध्यांमध्ये पडून मी हे बोलतो आहे. तेव्हा गोड शब्दांची अपेक्षा ठेवू नका.

आगपेटीएवढा माझा देह. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यासमोर एक लोखंडी पट्टी. यंत्र चालवणाऱ्या संगणकाचा आदेश आला की गुंडाळीचं लोहचुंबक होतं, पट्टी ओढली जाते, धातूचे दोन ठिपके एकमेकांना भिडतात आणि मोटर सुरू होते. आदेश थांबला की पट्टी सुटते, मोटर बंद. दोन्ही वेळा माझा ‘टक’ असा आवाज होतो. संगणकाला दांडगी मोटर स्वतः हलवता येत नाही. हुकूम त्याचा, कष्ट माझे, आणि कौतुक मात्र त्याच्या रंगीत पडद्याचं.

आमचं यंत्र फिरत्या रुळांवर कापड गुंडाळायचं. त्यावर नवापूरची हंसाबाय काम करायची. हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. रुळांत कापड अडकलं की ती त्यांच्यापुढची संरक्षक जाळी उघडायची. जाळी उघडताच संगणक आदेश थांबवायचा, मी टक करायचो, आणि मगच तिचा हात आत जायचा. तिच्या बोटांची राखण माझ्याकडे होती, याचा मला अभिमान होता.

खंडेनवमीला, आम्ही रिले बसवलेले असतो ते विजेचं कपाट उघडून आमची पूजा करतात. एरवी वर्षभर त्याला कुणी फडकं लावत नाही. झुरळांची अंडी, कापडाचे तंतू, खाऱ्या हवेचा चिकटा, सगळं तसंच. यंदा त्या घाणीवरच हळदकुंकू टाकलं, नारळाचं पाणी शिंपडलं, अगरबत्ती ओवाळली. माझं झाकण कधीचं तडकलेलं. कुंकू आणि पाणी थेट माझ्या ठिपक्यांवर आलं. आठवलं तरी शिसारी येते. आणि म्हणे भक्ती!

दसरा झाला आणि यंत्र अडखळू लागलं. सुपरवायझरने संगणकाला शिव्या घातल्या, तो बंद करून पुन्हा चालू केला, प्रोग्राम बदलून पाहिला. शेवटी आमचा इलेक्ट्रिशियन, मासवणचा एकनाथ आला. त्याने रीतसर तपासलं. संगणकाचा दिवा लागतोय, म्हणजे आदेश निघतोय. टक ऐकू येतोय, म्हणजे गुंडाळी शाबूत. ठिपक्यांच्या एका बाजूला वीज आहे, दुसऱ्या बाजूला नाही. चोर सापडला, माझे मळलेले ठिपके. मला हायसं वाटलं, आता हा मला काढून नवा बसवील.

पण सुपरवायझर म्हणाला, आधी ऑर्डर जाऊ दे, मग बघू. एकनाथने मान डोलावली, पूजेतली अगरबत्तीची काडी उचलून मोडली आणि माझ्या पट्टीमागे खुपसली. ठिपके घट्ट दाबले गेले आणि यंत्र धावू लागलं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. आता संगणकाने कितीही ‘थांब’ म्हटलं तरी मी मोटर थांबवू शकत नव्हतो. एकनाथला हे पक्कं ठाऊक होतं. हंसाबायला कुणी सांगितलं नाही.

दुपारी कापड अडकलं आणि रूळ जागीच आवळले गेले. हंसाबायने जाळी उघडली. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘यंत्र बंद’. पण मोटर आतून जोर लावतच होती. कापड सुटतं तर रुळांनी तिचा हात खेचून नेला असता. तिने हात पुढे केला आणि तसाच धरला.

“टक नाय आला,” ती म्हणाली.

सुपरवायझर म्हणाला, पडद्यावर बंद दिसतंय, आटप लवकर. एकनाथ शेजारीच उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

“एकनाथ, तू दुरुस्त केलंस ना? मग तू घाल हात.”

एकनाथचा चेहरा पांढरा पडला. त्याने हात घातला नाही. धावत जाऊन त्याने मोठा स्विच खाली ओढला आणि माझ्या पाठीतली काडी उपसली. हंसाबायने ती काडी पाहिली, मग आपला हात पाहिला, आणि खाली बसली.

नंतर सगळ्यांना सांगितलं गेलं, रिले खराब होता. झालं, एवढ्यावरच भागलं. मला डब्यात टाकलं.

मित्रांनो, तुमच्यातलंही कुणी मोठेपणी अशा यंत्रांजवळ काम करील. आमच्यापुढे हात जोडू नका. वीज तोडा आणि फडकं मारा. बिघडलो तर खुशाल फेकून द्या, त्याचा मला राग नाही. पण आम्हाला काडी लावूनच चालवायचं असेल, तर जाळीत पहिला हात तुमचा घाला.