खोताच्या पडवीत ओलीस

मी सुकाणू बोलतोय. होडीच्या मागे बसून तिला वाट दाखवणारा, असं लोक समजतात. खरं सांगू? वाट मी कधीच ठरवली नाही. तुळशीराम कोळ्याची मूठ वळेल तिकडे वळायचो आणि वर ऐट मारायचो.

काशीदजवळच्या कोळीवाड्यात गुणाजी सुताराने मला सागाच्या फळीतून घडवलं. होडी किनाऱ्यावर ओढली की मला काढून खांद्यावरून घरी नेत. ओटीवर माझ्या शेजारी तुळशीरामच्या तान्ह्या राहीची झोळी. तिची आई केसर चार बुकं शिकलेली. पण घाबरण्यात तिचा हात कोणी धरला नसता. वारा जरा वाढला की दारात येऊन उभी.

बत्तीस साली खोताघरी लग्न निघालं. निरोप आला, "वऱ्हाड रेवदंड्याला पोचवा. वेठ आहे तुमची." वेठ म्हणजे फुकटचं राबणं, बापजाद्यांनी मुकाट केलेलं.

तुळशीराम म्हणाला, "आमी न्हाय येनार."

खोताची माणसं मला उचलून घेऊन गेली. "वेठीला ये, सुकाणू ने."

असा मी ओलीस झालो. पूर्वी या किनाऱ्यावर किल्लेदारांची पोरं ओलीस ठेवत म्हणे, पण त्यांच्या पानात तूप पडे. माझ्यावर खोतीणबाईंनी मिरच्या वाळत घातल्या.

एका सकाळी केसर आली. राही कडेवर, पदर मुठीत आवळलेला. मला वाटलं, आता ही रडणार, हात जोडणार.

"नवरा कुठाय?" खोताने विचारलं.

"होडी काडतोय."

"सुकाणाशिवाय?"

"मागं वल्हं बांदलंय. ते धराया मी बसनार. हिला सासूकडं ठिवते."

खोत खो खो हसला. "बाईमाणूस मासेमारीला? दर्या कोपेल!"

"कोपूं दे. घरात बसून रोज घाबरतेच, आज होडीत बसून घाबरंन."

पायरी उतरता उतरता ती वळली. "अवो खोत, वलीस धरलंय नव्हं? मग राखा की! त्या मिरच्या काडा. पानी मारीत जा, न्हायतर तडकंल ते."

पडवीतून दर्या दिसतो. होडी नव्या सुनेसारखी अडखळत निघाली. मला डोळे असते तर मी मिटून घेतले असते. दुपार कलली तेव्हा ती परतली. केसरने टोपली डोक्यावर घेतली आणि मुद्दाम खोताच्या दारावरून गेली. वर मांदेली चमकत होती.

मग सगळ्या वाडीने आपापली सुकाणं घरात दडवली आणि होड्यांना वल्ही बांधली. ओलीस धरायला खोताला काही उरलंच नाही. वऱ्हाड बैलगाड्यांतून धक्के खात खाडीपर्यंत गेलं आणि पलीकडे नेणाऱ्या तरीची वाट बघत उन्हात बसलं.

मी अजून इथेच आहे. पाणी कोणी मारलं नाही, तडा गेलाय. माझ्यावाचून त्यांचं अडलं नाही, याचं आधी फार वाईट वाटलं. मग उमगलं, अडत होतं तोवरच मी ओलीस होतो.

परवा खोत मला ठेचाळला. "हे लाकूड इथे कशाला ठेवलंय?" म्हणून ओरडला.

केसर, मला सोडवायला येऊ नकोस.