अंताकियाची गादी आणि वदादची करंगळी

वदादने करंगळी बडीशेपेच्या कोमट पाण्यात बुडवली आणि बाळाच्या तोंडात दिली. बाळ गप्प झालं. त्या घरात गप्प असलेलं तेवढं एकच माणूस.

शेगडीच्या एका बाजूला तिचे वडील अबू नकूला, दुसऱ्या बाजूला तिची सासू अदला, आणि मधल्या खुर्चीवर वरच्या आळीच्या चर्चचे पाद्री अबूना जिब्राईल. त्यांच्या हातातली कॉफी केव्हाच निवली होती. बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ साचला होता, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बाप्तिस्मा खरं तर खालच्या आळीच्या चर्चमध्ये, सासरच्या पाद्र्यांच्या हातून व्हायचा. पण ते राहायचे घाटाखालच्या गावात, आणि घाट बंद. बर्फ उपसणारं यंत्र मंगळवारी वर येणार, आणि ते उतरेल तसा त्याच्या मागोमाग वदादचा नवरा फारेसही उतरणार. तो बोटीवर मेकॅनिक. गेला की वर्षभर परत यायचा नाही. बाळाला पाण्यातून काढलं की पुसायला म्हणून त्याने मार्सेच्या बंदरातून निळ्या काठांचा टॉवेल आणला होता. रजेवर आल्यापासून तो टॉवेल त्याने इतक्या वेळा उलगडून पुन्हा घडी केला होता, की वदादला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आता गावात पाद्री उरले एकटे अबूना जिब्राईल, म्हणजे वदादच्या माहेरचे. दोन्ही चर्चमधली प्रार्थना एकच, चाली एकच, धूपसुद्धा एकाच दुकानातला. फरक काय तो एका ओळीत. पाद्री आपापल्या पॅट्रिआर्कचं, म्हणजे सर्वांत वरच्या धर्मगुरूचं, नाव घेतात, त्या ओळीत. दोघेही अंताकियाचे पॅट्रिआर्क, दोघेही संत पेत्राच्या गादीवरचे, आणि दोघेही राहायला दमास्कसला, दोनचार गल्ल्या टाकून शेजारी.

"आमचा पहिल्यापासूनचा," अदला म्हणाली. "तुमचा मागाहून रोमच्या मांडीवर जाऊन बसला."

"गादी कोण सोडून गेलं ते पोथ्यांत आहे, उम्म फारेस," अबू नकूला फारेसच्या आईला म्हणाले.

"पोथ्या तुमच्याच माणसांनी लिहिल्यात."

अबूनांनी दोघांना हाताने थोपवलं. अंताकियाचे पॅट्रिआर्क म्हणवणारे एकूण पाच आहेत, ते म्हणाले, आणि पाचांपैकी एकही अंताकियात राहत नाही. तेव्हा जरा दमानं घ्या. पण या समजूतदारपणाचा उपयोग झाला नाही, कारण नावाच्या बाबतीत ते स्वतःही तसूभर हलायला तयार नव्हते. दुसऱ्याचं नाव ते घेणार नव्हते. आणि आपलं गाळणारही नव्हते.

"धन्याचं नाव गाळून चाकरी करायची होय?" एवढंच ते म्हणाले.

अदलाने शाल आवळून घेतली. "माझ्या नातवाच्या कानावर ते नाव पडलं, की मी उठून चालती होईन. भर चर्चमधून."

अदला बोलली की करते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. फारेसने आईकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि टॉवेलची घडी हळूच कपाटावर ठेवली.

"राहू दे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी करू."

पुढच्या वर्षी बाळ चालायला लागलं असतं. दारात कोण अनोळखी माणूस आला म्हणून वदादच्या झग्याआड लपलं असतं. तिने उठून टॉवेल कपाटावरून काढला आणि फारेसच्या मांडीवर परत ठेवला.

"उद्याच करू, काकू," ती सासूला म्हणाली. "तुम्हाला उठायचं असेल तर उठा. मी मनाला लावून घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी खालच्या आळीचं चर्च गच्च भरलं; चर्च सासरचं, पाद्री तेवढे माहेरचे. बाप्तिस्म्याला कुणी आलं नव्हतं. आले होते ते अदला कधी उठते ते बघायला. अदला पहिल्या बाकावर, कोट न काढता, दाराच्या बाजूला बसली होती. पलीकडे अबू नकूला कान पुढे करून बसलेले. बाळ धर्ममाता म्हणून नणंदेच्या हातात होतं. पण करंगळीवाचून ते राहीना, म्हणून वदाद खेटून उभी.

अबूनांनी सुरुवात केली. जगाच्या शांतीसाठी. या पवित्र वास्तूसाठी. वदाद लहानपणापासून वरच्या आळीच्या गायकवृंदात उभी राहिलेली. कुठल्या ओळीनंतर अबूना श्वास घेतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी श्वास घेतला; पुढची ओळ नावाची. बाकावर अदलाचा कोट सळसळला.

वदादने बाळाच्या तोंडातून करंगळी काढली.

बाळाने जो टाहो फोडला, त्याने टांगलेले दिवे हलले म्हणतात. अबूनांचे ओठ हलत होते. अंताकियाची ती सगळी प्राचीन परंपरा त्या टाहोत कुठे बुडाली ते कळलंच नाही. मग करंगळी परत गेली, आणि सगळ्यांना पुढची ओळ स्वच्छ ऐकू आली.

फारेसने ओलं, लालबुंद बाळ निळ्या काठांच्या टॉवेलात घेतलं आणि पुसता पुसता स्वतःचंच तोंड पुसलं.

दुपारी जेवणाला दोन्ही आळ्या एका घरात होत्या. अबू नकूला ज्याला त्याला सांगत होते, आमच्या पॅट्रिआर्कांचं नाव मी स्पष्ट ऐकलं. खालच्या आळीचा एक म्हातारा तितक्याच ठामपणे सांगत होता, की अबूनांनी नाव घेतलं ते आमच्या पॅट्रिआर्कांचं. अबूना साखरेत घोळलेले बदाम चघळत होते. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही.

अदलाने दालचिनीची खीर वाटीत घेतली, वर अक्रोड पेरले आणि वदादच्या पुढ्यात आणून ठेवली. मग वाकून बाळाची टोपी नीट करता करता हलकेच म्हणाली,

"पुन्हा कधी करशील, तर जरा आधी काढ. पहिलं अक्षर ऐकू आलं मला."

वदादचा चमचा वाटीतच राहिला.

"मग उठला का नाहीत, काकू?"

अदलाने बाळाच्या ओठाला लागलेलं दूध अंगठ्याने टिपलं.

"गुडघे धरले होते," ती म्हणाली. "केवढी थंडी होती तिथे."