सहीचा रुपया

रुपया आधी हवेत तोलायचा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचा. दोन वजनांच्या फरकावरून त्याची घनता निघते, आणि घनतेवरून आत चांदी किती आहे ते कळतं. व्हिक्टोरिया राणीचा रुपया सव्वादहाच्या थोडा वर येतो. शेवटच्या जॉर्जच्या रुपयांत चांदी निम्मी, ते बरेच खाली राहतात. इतवारीच्या सराफ्यात जुने लोक रुपया दगडावर आपटून कानानं ओळखायचे. चंद्रभान वजाबाकी करून सांगायचा, आणि आपली रीत कानापेक्षा बरी आहे याचा त्याला मनातल्या मनात अभिमान होता.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन तो हिंगण्याच्या रंगाच्या कारखान्यात लागला होता. आठवडाभर रंगाचे नमुने तपासायचे आणि रविवारी ताराचंद सराफाच्या दुकानात जुने रुपये. एकोणऐंशी साल होतं, चांदीचा भाव रोज वर चाललेला. लोकांना पक्के रुपये हवे होते, म्हणून ताराचंदनं लाल किनारीचं कार्ड छापून घेतलं होतं. रुपया पारदर्शक कागदात घालून कार्डावर चिकटवायचा. वर अक्षरं होती, ‘शास्त्रीय रीतीने तपासलेला’.

खाली सही हवी, हे मात्र चंद्रभाननं सुचवलं होतं. प्रयोगशाळेत ज्या निकालाखाली सही नाही तो निकालच नव्हे, अशी त्याला सवय. सहीपुढे ‘एम.एस्सी.’ ताराचंदनं जोडायला लावलं.

तपासल्याशिवाय त्यानं एकही सही केली नव्हती. कार्डावर खोटं असं काही नव्हतं. तरीही एकदा कुतूहल म्हणून त्यानं जोडीचे दोन रुपये घेतले, एकाच सालचे, सारखेच झिजलेले. एक कार्डावर लावला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्ही काचेवर मांडले. सकाळपासून आलेल्या प्रत्येकानं जास्त पैसे मोजून कार्डाचाच उचलायचं म्हटलं. दुपारनंतर त्यानं अदलाबदल केली. गिऱ्हाइकांनी पुन्हा कार्डाचाच मागितला.

“पाहिलं?” ताराचंद हसला होता. “तुम्ही पाण्यात चांदी तोलता, साहेब. मी तुमचं नाव तोलून राहिलो. दोघांचाही काटा बरोबर आहे.”

चंद्रभानही हसला होता. प्रयोग छान झाला, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं.

पुढच्या रविवारी ताराचंदनं नव्या आलेल्या रुपयांची पुरचुंडी त्याच्यापुढे ठेवली. पहिल्याच रुपयाची घनता थोडी खाली आली. दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळ्यांची तेवढीच. त्यानं भिंग लावलं. राणीच्या डोक्यावर, काठाला, डाख दिल्याचा ठिपका होता. कधीतरी तिथं कडी बसवलेली असणार. सगळ्याच रुपयांना तो ठिपका होता. हे एका माळेतले रुपये आहेत, असं त्यानं कागदावर टिपलं आणि शेवटचा तोलायला उचलला.

त्या रुपयाला राणीच्या गळ्याजवळ खोल खाच होती. चांदी आत पांढरी आहे की पितळ, हे पाहायला कधीकाळी कुण्या सोनारानं छिन्नी मारली होती. ती खाच चंद्रभानच्या बोटाला ओळखीची होती. कळमेश्वरला आत्याच्या घरी शाळा शिकत असताना, दिवाळीला ती रुपयांची माळ घालून बसली की तो शेजारी बसून त्या खाचेत नख घालायचा. आत्या म्हणायची, “राणीचा गळा कापशील गा.”

“हे कुठून आले?” त्यानं विचारलं.

“एक बाई होती, कळमेश्वरकडची. लेकीचं लग्न आहे म्हणे. सात आणले अन् कार्डवाले पाच घेऊन गेली.”

“तिचे रुपये खोटे होते का?”

“खोटे कसे राहतील? वाजवून घेतले मी.”

“मग सातावर पाच?”

“बाकीचं कार्डाचं, साहेब. तिनंच मागितले. बिना कार्डाचे व्याह्यांपुढे ठेवायची लाज वाटते म्हणाली.” ताराचंदनं चष्मा पुसला. “तुमच्या सहीवरून बोट फिरवलं तिनं. मी म्हटलं, ओळखीचे आहेत का? नुसती हसली.”

चंद्रभाननं भिंग खाली ठेवलं. “ती माझी आत्या आहे,” तो म्हणाला.

ताराचंद वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “पाच आणा अन् सात न्या. मंगळवारी मुंबईचं गिऱ्हाईक येऊन राहिलं, तोवर हात लावत नाही. अन् हा खाचवाला आताच न्या. फुटक्या तोंडाचा रुपया कार्डावर कोण घेते?”

“ही खाच म्हणजेसुद्धा तपासणीच आहे,” चंद्रभान म्हणाला.

“असंन. पण दिसते ना.”

कळमेश्वरची एस.टी. संत्र्याच्या पाट्यांनी भरलेली होती. उभ्यानं जाताना खिशातला रुपया त्याच्या मांडीला लागत होता. काय बोलायचं ते त्यानं क्रमवार ठरवलं. आधी घनतेचा आकडा, मग कार्डाचा अर्थ, मग अदलाबदल. पण ठरवलेल्या सगळ्यात आपण कुठं उभे आहोत, ते काही बसत नव्हतं.

प्रयागबाई, त्याची आत्या, अंगणात बसून लग्नाचे गहू निवडत होती. तिनं त्याला पाहिलं, सूप बाजूला सारलं आणि विचारायच्या आधीच आत जाऊन पाचही कार्डं घेऊन आली. ती देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या कोयरीला टेकवून ठेवलेली होती.

“पाह्य,” ती म्हणाली. “तुह्याच सहीचे. पुष्पाच्या ओटीत टाकाले.”

“आत्या, मला सांगायचं. मी आणून दिले असते.”

“अन् व्याही काय म्हन्ले असते? घरच्या पोट्ट्यानं घरीच कागद लिहून देल्ला. दुकानातून आणले म्हणून त्याईनं कार्ड हातात घेऊन वाचलं. परवा आले होते. म्हने, हे एम.एस्सी. कोण? मी म्हन्लं, माह्या घरी राहून शिकला.” तिनं पदरानं एका कार्डावरची धूळ पुसली. तिथं धूळ नव्हती.

चंद्रभान ओट्यावर बसला. क्रम विसरला. “तुझ्या माळेचे रुपये मी आज तपासले,” तो म्हणाला. “अस्सल आहेत. हे पाच आणि ते सात, चांदी एकच. कार्डानं काही वाढत नाही. ताराचंद परत द्यायला तयार आहे. हे पाच दे, मी उद्याच जाऊन आणतो.”

गव्हातला एक खडा प्रयागबाईनं उचलून दूर टाकला.

“माह्या रुपयात खोट नव्हती?”

“नाही.”

“मले वाटलं, असंन. कार्ड नव्हतं ना त्याईले. दुकानात सारेच कार्डाचेच मागून राहिले होते. माह्या आईची माळ, पण मलेच शंका आली.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. “सारे सारखेच, तं मंग तू सही काहून करतो?”

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखर कळत नाही म्हणून तिनं विचारलं होतं, लहानपणी तो तिला विचारायचा तसं. चंद्रभानकडे उत्तर होतं. खोटे रुपये बाजूला काढण्यासाठी. पण ते उत्तर पुरं नव्हतं. त्याच्या सहीनं खोटे बाजूला निघाले होते आणि त्यांच्याबरोबर ज्यांना कार्ड नाही असे सगळे खरेही. काचेवरचे ते जोडीचे दोन रुपये त्याला दिसले. त्या दिवशी त्याला गंमत वाटली होती.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “दे, परत करतो.”

“नाही गा.” ती कार्डं घट्ट धरून बसली. “व्याह्यांनी पाह्यले आता. उद्या ओटीत बिना कार्डाचे पडले, तं ते काय समजतीन? पोट्ट्याची सही खोटी निघाली म्हनतीन. पुष्पाले तिथं नांदाचं हाय.”

“सही खोटी नाही, आत्या.”

“हे तुले माहीत हाय अन् मले. गावाले कोण सांगंन?”

त्यानं समजावायचा आणखी एक प्रयत्न केला, व्याह्यांकडे मी स्वतः येतो म्हणाला. ती मान हलवत राहिली. माळ गेली होती, आणि ती परत आणायची वाट त्याच्याच नावानं अडवली होती. मंगळवारी ते सहा रुपये मुंबईला जाणार, बहुधा कार्डावर बसून, खाली त्याचीच सही घेऊन. त्यानं सही नाही केली, तरी ताराचंद ते रुपये ठेवून घेणार थोडाच होता.

शेवटी त्यानं खिशातून सातवा रुपया काढून तिच्या ओंजळीत ठेवला.

तिचा अंगठा आपोआप खाचेवर गेला. “हा आला वं माय,” ती रुपयालाच म्हणाली. बराच वेळ ती त्याला उलटसुलट करत राहिली. तिचा चेहरा पाहून चंद्रभानला पहिल्यांदा वाटलं, निदान एवढं तरी जमलं.

मग ती उठली. आत गेली आणि वहीच्या पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा आणि पुष्पाचा पेन घेऊन आली.

“याच्यावर लिहून दे.”

“आत्या, याला कशाला?”

“हा पुष्पाले द्याचा होता पहिल्यापासून. माह्या आईनं मले देल्ला, मी तिले देईन. पण पाचाईले कार्ड अन् याले नाही, तं तिथं हाच खोटा ठरंन.” ती त्याच्यासमोर बसली. “दुकानातलं नसलं तं नसलं. तुह्या हातचं चालंन मले.”

“याची खाच बघूनच कळतं आतून चांदी आहे. आणखी काय लागतं?”

“तुले कळते. त्याईले नाही कळत. लिही बापू.”

तराजू इतवारीत होता. सकाळी हा शेवटचा रुपया हातात घेतल्यावर पुढचं सगळं झालं होतं, आणि पाण्यात बुडवायचा तो राहूनच गेला होता. हे त्याला आता आठवलं. तो अस्सल आहे यात शंका नव्हती. पण ते त्याला माहीत होतं नख घालून, घनतेनं नाही. मघाशी सातही तपासले म्हणून त्यानं तिला सांगितलं होतं, तेही पुरतं खरं नव्हतं. त्यानं पेन उघडला. ‘शास्त्रीय रीतीने तपासलेला’ असं तिनं पाठ केलेलं सांगितलं आणि त्यानं ते लिहिलं. खाली सही केली.

“ते दोन अक्षरं राह्यले,” ती म्हणाली.

त्यानं पुढे ‘एम.एस्सी.’ लिहिलं.

प्रयागबाईनं शाईवर फुंकर घातली. पारदर्शक कागद घरात नव्हता, म्हणून तिनं चुलीजवळच्या भगुण्यातून भाताची चार शितं आणली, पुठ्ठ्यावर दाबली आणि रुपया त्यावर बसवला. वर आडवी कागदाची पट्टी लावली, हलू नये म्हणून. पट्टी राणीच्या गळ्यावरून गेली आणि खाच तिच्याखाली झाकली गेली.

“आता झाला याईच्यासारखा,” ती म्हणाली, आणि उठून त्याला फळीवर बाकीच्या पाचांशेजारी ठेवून आली.