पडली नाही, पाडली

राळेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात मुलींची कबड्डी असली की समोरचा संघ आधी विचारायचा, "ते खुशी आली का व?" खुशी चढाईला आली की पोरी आपापले घोटे सांभाळायच्या. ती कधी खाली वाकेल, कुणाच्या पायाला हात लावेल आणि रेषेपलीकडे कधी पोचलेली असेल, याचा नेमच नसे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचं अख्खं घर तापलं. बाप श्रावण दवाखान्यात भरती झाला, आई ममताची चव गेली. खुशीला तर नुसता ताप आला आणि गेला. सगळ्यात कमी त्रास तिलाच झाला, असं घरात जो तो म्हणत होता.

पण मैदानं पुन्हा सुरू झाली तेव्हा खुशीला उभंच राहवेना. खाटेवरून उठली की छातीत धडधड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. नळावर पाणी भरताना एकदा घागरीसकट कोसळली. कॉलेजात राष्ट्रगीताला उभी असतानाही पडली. तपासण्या झाल्या. रक्त चांगलं, छातीचा फोटो चांगला, हृदयाच्या ठोक्यांची पट्टीही चांगली. मग प्रशिक्षक सुनील सर एक दिवस समजुतीच्या सुरात म्हणाले, "बेटा, तुह्या मनात भीती बसली. ते काढ." बायका ममताला विचारू लागल्या, पोरगी कामाला कंटाळते का? सारखं तेच ऐकून पुढे पुढे खुशीलाही वाटायला लागलं की आपण उगाच ढोंग करतो की काय.

असं दीड-दोन वर्षं चाललं. ममता अंगणवाडीत मदतनीस होती. तिथल्या बैठकीत तिला कळलं, की कोरोना होऊन गेल्यावरही ज्यांचा त्रास गेला नाही, अशांचा यवतमाळात अभ्यास सुरू आहे. घरी येऊन तिनं पदर खोचायच्या आधी पोरीला सांगितलं, "उद्या पहिल्या एस्टीनं जाचं आपल्याले."

अभ्यास करणाऱ्या डॉक्टर सुरभी वयानं फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी खुशीला सगळं बोलू दिलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तिला पलंगावर निजवलं, बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा बांधला आणि बराच वेळ गप्प पडून राहायला लावलं. नाडी सत्तरच्या आसपास शांत चालली होती.

"आता उभी राहा. भिंतीला टेकायचं नाही. चक्कर आली तर लगेच सांग, मी धरलेलंच आहे."

खुशी उभी राहिली. यंत्राच्या पडद्यावरचा नाडीचा आकडा चढू लागला. नव्वद झाले, शंभर झाले, सव्वाशेही मागे पडले. आणि रक्तदाब? तो तिथेच होता, जवळपास हललाच नाही. डॉक्टरांचे डोळे चमकले. "अरे वा!" त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्या ओशाळल्या. "माफ कर हं. तुझ्या त्रासाचा आनंद नाही झाला मला. पण हेच शोधतोय आम्ही!"

खुशी पडद्याकडे पाहतच राहिली. हातपाय कापत होते, घाम फुटला होता, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"म्हंजे मॅडम, हे खरं हाय?"

"शंभर टक्के खरं."

"आई, पाह्य! पाह्य ना तो आकडा! मी ढोंग नाई करून राह्यली!"

ममतानं पोरीला धरून खाली बसवलं आणि स्वतःच रडायला लागली.

डॉक्टरांनी कागदावर माणसाचं चित्र काढून समजावलं. आपण उभं राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. शरीर आपोआप नसा आवळून ते वर ढकलतं. काही लोकांच्या शरीराची ही आपोआप चालणारी व्यवस्था कोरोनानंतर बिघडलेली दिसते. मग वर डोक्याकडे रक्त कमी पोचतं म्हणून हृदय धावत सुटतं. "असं का होतं, ते जगात अजून कुणालाच नीट कळलेलं नाही. म्हणून तर तुमची गरज आहे."

अभ्यासात दोन गट होते. पाणी, सांगितलं तेवढं मीठ आणि पायांत घट्ट मोजे दोन्ही गटांना. एका गटाला त्याशिवाय निजून करायचा व्यायाम. कोण कुठे जाणार ते कॉम्प्युटर ठरवायचा, त्यात डॉक्टरांचाही हात नव्हता. खुशीच्या वाट्याला व्यायाम आला.

घरी ऐकल्यावर श्रावण पोट धरून हसला. "निजून कसरत? अवो, हे तं आपली म्हैसबी करते!"

पण रात्रीची भाकर पोटात जायच्या आत त्यानं माळ्यावरची मोडकी सायकल खाली काढली होती. सकाळी वेल्डिंगवाल्या फुलचंदला बोलावलं. दोघांनी ठोकाठोक करून सायकलची पायडलं खाटेच्या पायथ्याशी बसवली. खुशी उताणी झाली आणि पाय फिरवू लागली. अर्धी गल्ली पाहायला जमली. "हे सायकल जाते कुठी?" कुणीतरी विचारलं. "ढाणकीले!" खुशी ओरडली. ढाणकीला उन्हाळ्यात मोठी स्पर्धा व्हायची.

पहिल्या आठवड्यात इतकं बरं वाटलं, की तिला धीर धरवेना. सांगितल्याच्या तिप्पट पायडलं मारली, वरून गल्लीत एक दौडही काढली. दुसऱ्या दिवशी तिला मान उचलता येईना. आठवडाभर ती खाटेला खिळली. घाबरत घाबरत तिनं डॉक्टरांना फोन केला.

"मॅडम, मी बह्याडपणा केला. आता काढता का मले अभ्यासातून?"

"काढते कशाला? खरं सांगितलंस म्हणून उलट आभार मानते. असं कोसळणं हाही या आजाराचाच भाग आहे, आम्हाला तो समजून घ्यायचाय. आता मी सांगेन तेवढंच. बरं वाटलं तरी तेवढंच."

मग खुशीनं वेगळाच खेळ मांडला. जोर असताना थांबायचं. चढाईवाल्या पोरीला याहून अवघड काय असणार? मे महिन्याच्या उन्हात घट्ट मोजे घालून, पाण्याची बाटली उशाशी ठेवून ती थोडं थोडं वाढवत गेली. निजून जमलं, मग बसून, मग उभ्यानं. एका सकाळी ममतानं पाहिलं, तर पोरगी नळावर रांगेत उभी राहून मैत्रिणीशी भांडत होती. ममतानं ते भांडण मुद्दाम सोडवलं नाही.

अभ्यास संपला त्या दिवशी यवतमाळात पुन्हा तीच तपासणी झाली. खुशी उभी राहिली. आकडा थोडा चढला आणि थांबला. डॉक्टर सुरभींनी टाळी दिली. मात्र एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली: व्यायामाच्या गटात बरेच जण सुधारले, काहींना काहीच फरक पडला नाही, एकाचा त्रास तर वाढला. "त्यांच्यासाठी आता दुसरं काहीतरी शोधायचं. पुढचा अभ्यास मंजूर झालाय!" हे सांगताना त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या, खोलीभर फिरत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात ढाणकीच्या मैदानावर सुनील सरांनी खुशीला बराच वेळ बाहेर बसवून ठेवलं. डॉक्टरांनी दोनच चढायांची परवानगी दिली होती. अखेर सर म्हणाले, "जाय. आन पोरी, मी तुले जे बोललो होतो ना..."

"सर, ते मंग. आता मले जाऊ द्या!"

पहिल्या चढाईत ती वाकली, एका घोट्याला हात लावला आणि सुटली. मैदान उठून उभं राहिलं. दुसऱ्या चढाईत कोपऱ्यातल्या पोरीनं पाय धरला, बाकीच्या अंगावर पडल्या आणि खुशी धाडकन मातीत दिसेनाशी झाली.

"खुशे!" ममता किंचाळली. श्रावण दोर ओलांडून धावत सुटला.

ढिगाऱ्याखालून आधी हसू ऐकू आलं. मग मातीनं माखलेलं तोंड बाहेर निघालं.

"बाबा, मी पडली नाई! चौघींनी मिळून पाडलं मले!"